पायांत कळा, टेबलावर राज्यघटना : बाबासाहेबांनी दुखण्याचा हिशोब कसा मांडला?

१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. पांढरं रेशमी धोतर, पांढरा कोट, समोर लाखोंचा समुदाय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे धम्मदीक्षेचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. दरवर्षी अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला ते स्टेटसवर फिरत असतात.

पण ते व्यासपीठापर्यंत कसे पोहोचले, हे त्या फोटोंत कळत नाही. एका हातात काठी होती आणि दुसरा हात होता सचिव नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर. वय तेव्हा फक्त ६५. पाय मात्र केव्हाचे साथ सोडायला लागले होते.

बाबासाहेबांचं शिक्षण, चवदार तळं, पुणे करार, राज्यघटना या सगळ्यावर भरपूर लिहिलं गेलंय. त्यांच्या दुखण्यावर फारसं कुणी बोलत नाही. आणि बोललंच तर शेवटच्या एकदोन वर्षांबद्दल. खरं तर स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री झाल्यापासून शेवटच्या रात्रीपर्यंत, म्हणजे साधारण ९ वर्षं, त्यांच्या प्रत्येक मोठ्या कामाच्या शेजारी एक दुखणं बसलेलं होतं. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी आणि त्या काळी डॉक्टर ज्याला न्यूरायटिस म्हणायचे ते पायांच्या नसांचं दुखणं.

घरात कुणाला संधिवात असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, दुखणाऱ्या माणसाच्या डोक्यात रोज एक हिशोब चालू असतो. आज गोळी घ्यायची की सहन करायचं? डॉक्टरकडे आत्ता जायचं की हातातलं काम उरकून? बाबासाहेबांनीही हा हिशोब वर्षानुवर्षं मांडला. फरक एवढाच, की त्यांच्या हातातलं काम म्हणजे देशाची राज्यघटना होती.

आधी शरीर किती झिजलं होतं ते पाहू

१४ एप्रिल १८९१ला महूला जन्म. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर जाऊ. मुंबई, मग न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. लंडनमध्ये दिवसभर ग्रंथालयात वाचन, खिशात पैसे नाहीत आणि पोटात जेमतेम काही. परत आल्यावर वकिली, प्राध्यापकी, वृत्तपत्रं, महाडचा आणि नाशिकचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा. २७ मे १९३५ला रमाबाई गेल्या. त्यानंतर 'राजगृह'मध्ये हजारो पुस्तकं होती, पण वेळेवर जेवायला बसवणारं हक्काचं माणूस नव्हतं.

आपल्या खानदेशाशीही त्यांचं नातं आहे. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता आणि कोर्टकचेरीसाठी सगळ्यांना धुळ्याला जावं लागायचं. जुलै १९३७मध्ये बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे अजूनही लोक जमतात. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते आणि गावोगाव फिरत होते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कामगार आजारी पडला तर त्याला उपचार मिळावेत आणि पगारही सगळा बुडू नये, यासाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम याच काळात प्रा. बी. पी. आडारकरांकडे देण्यात आलं. त्या पायावर पुढे राज्य कर्मचारी विमा कायदा उभा राहिला, म्हणजे आज आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो. तो कायदा एप्रिल १९४८मध्ये आला. आजारपणाची हक्काची रजा आपल्याला मिळावी अशी सोय होत होती, तेव्हा ती पायाभरणी करणाऱ्या माणसाला मात्र एक दिवसाची रजा परवडत नव्हती.

सात जणांची समिती आणि एक आजारी अध्यक्ष

२९ ऑगस्ट १९४७ला मसुदा समिती नेमली गेली. दुसऱ्याच दिवशी पहिली बैठक. समितीवर सात जण होते, बाबासाहेब अध्यक्ष. समितीच्या हातात घटना सल्लागार बी. एन. राव यांनी तयार केलेला २४३ कलमांचा कच्चा आराखडा होता. त्यावर समितीने १४१ दिवस बसून काम केलं आणि २१ फेब्रुवारी १९४८ला ३१५ कलमांचा मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांकडे गेला.

हे १४१ दिवस कसे गेले असतील? समितीचे सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत याचा पाढाच वाचला. सातपैकी एकाने राजीनामा दिला होता. एकाचं निधन झालं आणि ती जागा भरली गेली नाही. एक अमेरिकेत. एक संस्थानांच्या कामात अडकलेला. एकदोन जण दिल्लीपासून लांब, आणि तब्येतीमुळे येऊ न शकणारे. त्यामुळे सगळा भार शेवटी एकट्या आंबेडकरांवर पडला, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं.

म्हणजे बघा, काही सदस्य तब्येतीमुळे येत नव्हते आणि जो माणूस येत होता त्याची तब्येतही काही धड नव्हती. पायांत कळा यायच्या, रात्र रात्र झोप लागायची नाही. इन्सुलिन सुरू होतं, जोडीला होमिओपॅथीची औषधंही.

आपल्याकडे आजही घराघरांत हेच चित्र असतं. एका ड्रॉवरमध्ये शहरातल्या डॉक्टरची गोळी, दुसऱ्यात कुणीतरी सांगितलेलं चूर्ण. दुखणं लांबलं की माणूस सगळी दारं ठोठावतो. परदेशात डॉक्टरेट मिळवलेला माणूसही याला अपवाद नव्हता, आणि यात हसण्यासारखं काही नाही.

तेव्हाचे डॉक्टर करू तरी काय शकत होते?

आज आपण बोटाला टोचतो आणि पाच सेकंदांत साखरेचा आकडा समोर येतो. १९४८मध्ये घरी रक्तातली साखर मोजण्याची सोयच नव्हती. लघवी एका निळ्या द्रावणात उकळायची आणि रंग कसा बदलतो त्यावरून अंदाज बांधायचा. इन्सुलिनची सिरिंज काचेची, दरवेळी उकळून घ्यायची. मधुमेहावर आज सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी उपचारांत आली ती १९५७मध्ये, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर.

साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायांच्या लांब नसा खराब होत जातात. आग होते, मुंग्या येतात, टोचल्यासारखं होतं आणि हे सगळं नेमकं रात्री वाढतं. दिवसभर काम करणाऱ्या माणसाची रात्रही जाते. हे दुखणं सांध्याच्या दुखण्यापेक्षा वेगळं असतं आणि नेहमीची वेदनाशामक गोळी त्यावर फारशी चालत नाही. आज त्यासाठी वेगळी औषधं आहेत. तेव्हा नव्हती.

सांध्यांचं म्हणाल तर तिथेही ॲस्पिरिन, शेक, मालिश आणि विश्रांती यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. संविधान सभेत मसुद्यावर चर्चा सुरू होण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, सप्टेंबर १९४८मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या एका रुग्ण महिलेला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं. जिला हलता येत नव्हतं ती काही दिवसांत चालायला लागली. जगभर चमत्कार म्हणून बातम्या झाल्या, १९५०मध्ये हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल मिळालं. मग हळूहळू कळायला लागलं की हे औषध फार काळ भरपूर दिलं की हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, अंगावर सूज येते. मधुमेही माणसासाठी तर तो दुधारी चाकूच.

आणि म्हणूनच दिल्लीच्या त्या बंगल्यात बसलेल्या मंत्र्याला कुणी जादूची गोळी देऊ शकत नव्हतं. आहार, वेळेवर इन्सुलिन, झोप आणि आराम एवढेच उपाय होते. यातला आराम तर त्यांच्या वेळापत्रकातच नव्हता.

औषध वेळेवर देणारं माणूस

मुंबईत गिरगावात डॉ. माधवराव मालवणकर यांचा दवाखाना होता. बाबासाहेब उपचारांसाठी तिथे यायचे. त्याच दवाखान्यात डॉ. मालवणकरांच्या हाताखाली डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून एमबीबीएस झालेल्या, मूळ कोकणातल्या सारस्वत कुटुंबातल्या.

डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. या माणसाला चोवीस तास कुणीतरी सोबत हवं, ज्याला पथ्याचं जेवण करता येईल आणि औषधपाणीही कळेल. रमाबाईंच्या निधनानंतर बाबासाहेबांनी पुन्हा लग्न न करण्याचं ठरवलं होतं. आता तो निर्णय बदलायची वेळ आली होती. नाशिकचे सहकारी भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड यांना पत्र लिहून त्यांनी ही सगळी परिस्थिती कळवली.

१५ एप्रिल १९४८ला, ५७वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दिल्लीत हार्डिंग ॲव्हेन्यूवरच्या निवासस्थानी नोंदणी पद्धतीने लग्न झालं. शारदाबाई लग्नानंतर सविता आंबेडकर झाल्या, लोकांसाठी माईसाहेब. या लग्नावर तेव्हा टीकाही झाली. अनुयायांतल्या अनेकांना ते रुचलं नाही, विरोधकांना बोलायला विषय मिळाला. पण एका आजारी माणसाचा निर्णय म्हणून त्याकडे पाहिलं, तर मला तो बाबासाहेबांच्या आयुष्यातला सगळ्यात व्यवहारी निर्णय वाटतो. उपचार पुढे ढकलण्याची सवय असलेल्या माणसाने उपचार करणारी व्यक्तीच घरात आणली.

माईसाहेबांनी पुढे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे पुस्तक लिहिलं. आजारी माणसाशेजारी राहणं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं असेल तर ते जरूर वाचा.

लग्नानंतर काम कमी झालं का? अजिबात नाही. ४ नोव्हेंबर १९४८ला त्यांनी मसुदा सभागृहात मांडला आणि पुढचं वर्षभर एकेक कलम घेऊन चर्चा झाली. एकूण ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. दुरुस्ती आली की अध्यक्षाने उभं राहून उत्तर द्यायचं. का स्वीकारतो, का नाकारतो, दुसऱ्या देशांत काय आहे, उद्या कोर्टात याचा अर्थ काय लागेल, हे सगळं. ज्याच्या पायांत रात्रभर कळा येतात त्याला दिवसभर उठबस करत उत्तरं द्यायला किती त्रास झाला असेल, हे गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९च्या शेवटच्या भाषणात श्रेय देताना त्यांनी बी. एन. राव आणि मसुद्याचे कसबी लेखक एस. एन. मुखर्जी यांचं नाव आवर्जून घेतलं. स्वतःच्या दुखण्याला त्या भाषणात जागा नव्हती.

आधी बिल, मग उपचार

आता या गोष्टीतला खरा कळीचा प्रसंग.

ऑगस्ट १९५१. हिंदू कोड बिल रखडलं होतं. स्त्रियांना संपत्तीत वाटा, घटस्फोटाचा अधिकार, एकपत्नीत्व या सगळ्या गोष्टी त्यात होत्या आणि विरोध प्रचंड होता. बाबासाहेबांची तब्येत ढासळत चालली होती. आता हयगय नको, दीर्घ उपचार घ्या, असं डॉक्टर सारखं सांगत होते.

१० ऑगस्टला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की माझी प्रकृती मला आणि माझ्या डॉक्टरांनाही काळजीत टाकते आहे, पण स्वतःला त्यांच्या हवाली करण्याआधी हे बिल मार्गी लागावं. १६ ऑगस्टला चर्चेला घ्या आणि १ सप्टेंबरपर्यंत संपवा, अशी तारखांसकट मागणी होती. त्यानंतर आपण उपचारांना मोकळे.

नेहरूंनी जरा धीराने घ्यायला सांगितलं. बिल सप्टेंबरमध्ये चर्चेला आलं, विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी आधी मंजूर करू असं ठरलं, आणि मग तेही बाजूला पडलं. २७ सप्टेंबर १९५१ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

या पत्रात मला आपल्या घरातली कितीतरी माणसं दिसतात. पोरीचं लग्न होऊ दे, मग गुडघे दाखवते. कापूस निघू दे, मग तालुक्याला जाऊ. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात राहणाऱ्याला तर डॉक्टरकडे जाणं म्हणजे गाडीभाडं, एक दिवसाची मजुरी आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी. त्यामुळे दुखणं थांबतं आणि काम पुढे जातं. बाबासाहेबांनी निदान तारीख तरी ठरवून दिली होती. आपण तीही ठरवत नाही.

इथे दोन मिनिटं थांबून आजचं वैद्यकशास्त्र काय सांगतं ते बघून घेऊ, कारण हा हिशोब आता ७५ वर्षांपूर्वीसारखा राहिलेला नाही.

गोळी कधी घ्यायची, हा प्रश्न एक नाही

संधिवात म्हणून आपण जे म्हणतो त्यात बरेच आजार येतात. वयाबरोबर गुडघा झिजतो तो वेगळा. ऱ्हुमॅटॉइड संधिवात वेगळा. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं एकाच वेळी सुजतात, सकाळी उठल्यावर अर्धा तास, तासभर, कधी त्याहून जास्त वेळ मूठ वळत नाही. बायकांमध्ये हा पुरुषांपेक्षा दोनतीन पटीने जास्त आढळतो आणि तो म्हातारपणाचाच आजार नाही, तिशीचाळिशीतही सुरू होतो.

यावरची औषधं दोन वेगळ्या कामांची असतात, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

एक म्हणजे वेदनाशामक. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे. यांनी दुखणं आणि सूज कमी होते, पण आतल्या सांध्याची मोडतोड थांबत नाही. ही औषधं दुखेल तेव्हा, कमीत कमी लागतील तेवढी घ्यायची असतात, आणि ज्याला मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास आहे त्याने तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. बाबासाहेबांसारखी प्रकृती असलेल्या माणसाला आजचे डॉक्टर ही गोळी फार जपून देतील.

दुसरी औषधं आजारालाच लगाम घालतात. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मेथोट्रेक्सेट. याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दुखणं असो वा नसो, ते ठरल्याप्रमाणे घ्यायचंच असतं. म्हणजे आज बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली, हा हिशोब इथे चुकीचा ठरतो. बरं वाटतंय ते गोळीमुळे, आणि ती सोडली तर आत सांधा खराब होत राहतो, भले दुखणं उशिरा कळो. एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यामुळे लोकांचे जीव गेलेत. घरात कुणाला हे औषध सुरू असेल तर वार ठरवा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. मध्ये मध्ये रक्ताच्या तपासण्या लागतात, आणि गर्भारपणात हे औषध चालत नाही.

स्टेरॉइडबद्दल वर आलंच. ताबडतोब आराम पडतो, म्हणून त्याचा मोह फार. बाजारात वातावर म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांमध्ये छुपं स्टेरॉइड सापडलेलं आहे. एखाद्या पुडीने दोन दिवसांत सगळं दुखणं गायब झालं, तर खूश होण्याआधी शंका घ्या. आणि बरेच दिवस घेत असलेलं स्टेरॉइड एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं.

थोडक्यात, आपण दुखण्याच्या मापाने औषध ठरवतो. पण ऱ्हुमॅटॉइड संधिवातात आणि मधुमेहात शरीराचं नुकसान दुखण्याच्या मापाने होत नाही. एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कापूस निघायची वाट बघायची नाही.

राजीनाम्यानंतर आराम मिळाला?

मंत्रिपद गेलं म्हणून आराम मिळाला, असं झालं नाही. जानेवारी १९५२मध्ये मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढवली, हरले. मग राज्यसभेवर गेले. जून १९५२मध्ये कोलंबिया विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, त्यासाठी न्यूयॉर्कला जाऊन आले. मे १९५४मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक, तीही विदर्भाच्या उन्हाळ्यात. तिथेही पराभव.

त्यानंतर तब्येत फारच ढासळली. औषधांचे दुष्परिणाम होऊ लागले, दृष्टी मंदावली. ज्या माणसाचं आयुष्य पुस्तकांत गेलं त्याला वाचायला त्रास होणं, ही माझ्या मते पायांच्या दुखण्यापेक्षाही मोठी शिक्षा होती. मधुमेहाने डोळे आणि नसा दोन्ही जातात, आणि उपचार पुढे ढकलले की दोन्हींचं नुकसान वाढत जातं. तरी डिसेंबर १९५४मध्ये ते रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले आणि परत आल्यावर २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९५५च्या अखेरीस भाषावार राज्यांवरचं पुस्तक आलं.

या सगळ्याच्या पोटात एक मोठं काम चालू होतं, 'द बुद्ध अँड हिज धम्म'. १९५१मध्ये सुरू केलेलं पुस्तक १९५६ उजाडलं तरी पूर्ण व्हायचं होतं. उशीर झाला तो तब्येतीच्या चढउतारांमुळे, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय. १९५६मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत ते सांगतात, की डॉक्टरांनी आपल्याला विझत चाललेली ज्योत ठरवलं होतं. ती ज्योत पुन्हा पेटती ठेवण्याचं श्रेय त्यांनी दोघांना दिलं, पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना. या दोघांच्या वैद्यकीय कौशल्यामुळेच हे काम पुरं झालं, असा त्याचा आशय.

संविधान सभेच्या भाषणात ज्या दुखण्याला जागा मिळाली नव्हती, त्याचा उल्लेख त्यांनी इथे केला. तोही तक्रार म्हणून नाही, तर औषध देणाऱ्यांचे आभार मानताना.

१४ ऑक्टोबरला नागपूर, दुसऱ्या दिवशी पुन्हा लांबलचक भाषण, १६ला चंद्रपूर. नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद. काठीच्या आणि माणसांच्या आधाराने, पण सगळीकडे गेले.

५ डिसेंबर १९५६ची रात्र. दिल्लीतलं २६, अलीपूर रोड. नानकचंद रत्तूंनी त्यांचे पाय चेपले, डोक्याला तेल लावलं. झोपायला जाताना बाबासाहेबांनी टाइप केलेले कागद उशाशी मागवून घेतले, पुस्तकाची प्रस्तावना आणि परिचय, शिवाय आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रं. रात्री त्यावरून एकदा हात फिरवायचा होता. ६ डिसेंबरला सकाळी ते उठलेच नाहीत.

त्यानंतर माईसाहेबांवर संशय घेतला गेला. सरकारी चौकशी झाली आणि मृत्यू नैसर्गिक होता हे स्पष्ट झालं, तरी कुजबुज पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या मागे राहिली. २००३मध्ये त्यांचं निधन झालं.

'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७मध्ये छापून आलं. त्यात ती प्रस्तावना नव्हती. पत्नीने आणि डॉ. मालवणकरांनी आपल्याला जगवलं, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलेलं वाचकांसमोर यायला त्यानंतर दोन दशकांहून जास्त काळ जावा लागला.